उपाशी चिलटांचा आचारी

माझा मेहुणा आचारी आहे. पूर्वी माणसांसाठी शिजवायचा, आता चिलटांसाठी शिजवतो. पिकलेल्या केळ्यावर घोंघावतात ती चिलटं. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघून हसतात, मग त्याच्याकडे बघून हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे नक्की काय करतो?" प्रत्येकाला नव्याने सांगून कंटाळलो. एकदाच नीट लिहितो.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो. मी फिटर, तो कँटीनमध्ये. त्याची पातेली घरातल्यासारखी नव्हती, आत उभं राहून घासावी लागत. तेवढ्या पातेल्यात तळाचं वर आणायचं तर नुसतं मनगट पुरत नाही. खांदा लावावा लागतो, कंबर लावावी लागते. पुष्कळ लोक ढवळतात म्हणजे वरवर भोवरा काढतात. मेहुणा तळ खरवडायचा. त्याच्या हातून कधी काही करपलं नाही. नात्यातला म्हणून सांगत नाही. नात्यात तर मी त्याला नावंच ठेवतो.

कारखान्यात त्याला सगळे 'वाढूका' म्हणायचे. "वाढू का?" असं विचारायचा, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत डाव ताटात उपडा झालेला असायचा. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढायचा. एकदा पाहणीला आलेल्या एका साहेबाने पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. "म्हणजे रिकामं आहे," असं म्हणून याने त्याला दुप्पट वाढलं. साहेब पुन्हा पाहणीला आला नाही.

माझी बायको त्याची थोरली बहीण. ती म्हणते, हा स्वभाव नव्हे, हा आजार आहे. लहानपणी ती तापाने फणफणली होती आणि डॉक्टरांनी नुसतं पाणी द्यायला सांगितलं होतं. याने खिशातून बिस्किटं नेऊन पांघरुणात सरकवली. ताप उतरायला जास्त दिवस लागले. त्याचं म्हणणं, बिस्किटांमुळेच उतरला.

मी निवृत्त झालो त्याच सुमारास कारखान्याने कँटीन बंद केलं. जेवण बाहेरून डब्यांमध्ये यायला लागलं, प्रत्येकाला मोजून एक. मेहुणा घरी बसला. काही महिन्यांत त्याच्या शेजाऱ्यांची मांजर इतकी सुटली की तिला खिडकीत उडी मारता येईना. शेजारीण भांडायला आली. तेव्हा माझी बायको म्हणाली, "याला कामाला लावा कुठेतरी, नाहीतर गल्लीतलं एकही जनावर चालतं राहायचं नाही."

एका संशोधन संस्थेला स्वयंपाकघरात माणूस हवा होता. मेहुण्याला वाटलं, विद्यार्थ्यांची मेस असणार. पहिल्या दिवशी आनंदाने गेला. स्वयंपाकघर पाहून खूश झाला. मोठी पोलादी केटली, म्हणजे माणूस आत वाकेल एवढं पातेलं, आत मोटारीवर फिरणारं ढवळणं, मक्याच्या पिठाची पोती, साखरेची पोती.

"किती माणसं जेवायला?" त्याने विचारलं.

"माणसं नाहीत. माश्या आहेत," तिथला कारकून म्हणाला.

"माश्यांचं मी बघतो, जाळी लावून घेऊ. माणसं किती?"

कारकुनाने त्याला वरच्या मजल्यावर नेलं. खोलीच्या खोली काचेच्या नळ्यांनी भरलेली. प्रत्येक नळीच्या तळाशी पिवळसर लापशी थिजलेली, तोंडाला कापसाचा बोळा, आणि मधे चिलटं. मेहुण्याने एक नळी उचलून उजेडात धरली. मग म्हणाला, "भूक असते का त्यांना चांगली?"

तिथेच नोकरी पक्की झाली.

काम सोपं नाही. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्ट होण्यासाठी अगर, म्हणजे समुद्रातल्या शेवाळाची भुकटी. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या. उकळी आली की ढवळणं थांबता कामा नये. उतरल्यावर जरा निवलं की बुरशी येऊ नये म्हणून एक उग्र वासाचं औषध घालायचं. तोंड बाजूला करून घालायचं, नाकात गेलं तर डोळ्यांतून पाणी काढतं. मग गरम असतानाच नळ्या भरायच्या. एका हाताने झारी तिरपी, दुसऱ्या हाताने ट्रे पुढे. थांबलात तर झारीच्या तोंडात थिजतं. सगळ्या नळ्यांत सारखी उंची आली पाहिजे आणि काचेच्या भिंतीवर एक थेंब उडता कामा नये, कारण माशी त्यालाच चिकटून मरते. दुपारपर्यंत हे करा, मग मनगटाला विचारा.

पहिल्याच दिवशी त्याने चव घेतली. "मीठ नाही यात."

"माश्यांना मीठ लागत नाही," कारकून म्हणाला.

"विचारलंत कधी?"

पण आठवड्याभरात रुळला. नळीतल्या अळ्या पोट भरून काचेवर चढायला लागल्या की हा घरी येऊन सांगायचा, "भावोजी, आज सगळ्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं." कँटीनमध्ये त्याला कोणी कधी शाबासकी दिली नव्हती. ती आता तो अळ्यांकडून घेत होता.

सकाळी लवकर, बाकी कोणी यायच्या आत, ताज्या नळ्यांचे ट्रे खोलीखोलीत पोचवायचे, हेही त्याचंच काम. त्यात शेवटची खोली एका संशोधक मुलीची. काडीसारखी बारीक, चष्मा कायम कपाळावर चढवलेला आणि कायम शोधत. हा तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचा.

"अजून झाले नाही हो मी डॉक्टर, काका."

"मग व्हा लवकर. माझी जीभ वळलीय आता."

ती होणार की नाही, हेच तर अडलं होतं. या संस्थेत दर काही काळाने समिती बसते. ज्याचं काम पुढे सरकलंय त्याची जागा राहते. ज्याचं अडलंय त्याने टेबल रिकामं करायचं. तिची तीन वर्षं झाली होती, त्यातली बहुतेक हव्या त्या जातीच्या माश्या तयार करण्यात आणि यंत्र जुळवण्यात गेलेली. समिती जवळ आली होती, आणि दाखवायला तिच्याकडे काहीही नव्हतं. तिच्या विभागाचे मोठे सर येताजाता विचारायचे, "आठवायला लागलं का माश्यांना?" आणि ती नाही म्हणून मान हलवायची.

मेहुण्याला यातलं काही कळत नव्हतं. त्याला एवढंच दिसायचं की पोरगी जेवत नाही. टेबलावर अर्धं बिस्किट, त्यावर मुंगी. आणि एक दिवस त्याला आणखी काहीतरी दिसलं.

तिच्या खोलीत कोपऱ्यातल्या फळीवर वेगळ्या नळ्यांची ओळ होती. आत माश्या होत्या, पण लापशी नव्हती. तळाला नुसता ओला टिपकागद. माश्या काचेवर खालीवर धावत होत्या. मेहुण्याने हातातला ट्रे खाली ठेवला. पोरगी जेवण घालायला विसरली! जी स्वतःचं विसरते ती माश्यांचं काय लक्षात ठेवणार?

आता सांगायचं कुणाला? मोठ्या सरांच्या कानावर गेलं तर तिची खैर नाही. तिलाच सांगावं तर चारचौघांत चूक काढल्यासारखं होणार. याने मनाशी ठरवलं, गुपचूप करू. खाली जाऊन साखरेचं पाणी आणलं, प्रत्येक नळीचा बोळा काढून त्याचं आतलं टोक त्यात बुडवलं आणि पुन्हा बसवला. माश्या बोळ्याला लगडल्या. ती येईपर्यंत कापूस सुकलेला आणि माश्या गप्प.

दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. नळ्या रिकाम्या, माश्या सैरभैर. पुन्हा याने पाणी घातलं. मग ते रोजचंच झालं. पोरगी दिवसेंदिवस जास्त उतरलेली दिसायला लागली, तसं याला वाटलं, काळजीने हिचं डोकंच ठिकाणावर राहिलेलं नाही, आपणच सांभाळायला पाहिजे. मग साखरेच्या पाण्यात थोडं यीस्टही घालायला लागला. ताकद यावी म्हणून.

दोन महिने हे चाललं. मला त्याने एका शब्दाने सांगितलं नाही. पुण्यकर्माची जाहिरात करायची नसते, असं त्याचं मत.

मग केटलीचं ढवळणं अडकलं. संस्थेचा मेकॅनिक रजेवर. मेहुण्याने मला बोलावलं. "भावोजी, या जरा. घरी बसून तुमचाही गंज झडत नाहीये."

मी गेलो. ढवळण्याच्या दांड्याचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजला होता. बदलायला केटली रिकामी करून आत वाकावं लागतं, आणि माझी कंबर आता वाकण्याआधी परवानगी मागते. मी आत डोकं घालून होतो, मेहुणा पाना धरून उभा होता, तेवढ्यात डॉक्टरीणबाई आली. डोळे सुजलेले. साखरेच्या पोत्यावर बसली.

"काका, उद्यापासून माझ्या ट्रेचं बघू नका. गरज पडणार नाही बहुतेक."

"का? काय झालं?"

"उद्या सरांना सांगणार आहे, हे होत नाही म्हणून. माझा प्रश्नच चुकला असेल."

रडणाऱ्या माणसासमोर गप्प राहणं मला जमत नाही. मी केटलीतूनच विचारलं, "या चिलटांचं तुम्ही नेमकं बघता काय?"

"कोण बोललं?" ती दचकली.

"माझे भावोजी. केटलीत आहेत," मेहुणा म्हणाला.

मी डोकं बाहेर काढलं. ती जरा हसली. "त्यांची आठवण बघते."

"आठवण? चिलटाला?"

"असते ना. त्यांना एक वास देते, त्याच वेळी साखर देते. मग दुसरा वास, तेव्हा साखर नाही. झाला धडा. काही तासांनी एका बाजूने हा वास, दुसऱ्या बाजूने तो, आणि मधे माश्या सोडते. ज्यांना आठवतं त्या साखरेच्या वासाकडे जातात."

"आणि गेल्यावर साखर मिळते?" मेहुण्याने विचारलं.

"नाही. तेव्हा नुसता वास असतो."

"ही तर फसवणूक आहे."

"आहे थोडी," ती म्हणाली. मग पोत्यावर नीट सरकून बसली. काम सांगायला लागलं की तिचा आवाज बदलायचा. "मेंदूत एक पेशी दुसरीला निरोप देते. पण दोघी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मधे बारीकशी फट असते. अलीकडची पेशी त्या फटीत रसायन सोडते, पलीकडची ते घेते. हे रसायन इवल्या इवल्या पिशव्यांत भरून काठाशी तयार ठेवलेलं असतं. त्या पिशव्या काठाशी धरून ठेवायला, वेळेवर सोडायला तिथे प्रथिनं असतात. पुष्कळ आहेत. त्यातलं एक माझं."

"तुमचं म्हणजे?"

"म्हणजे तीन वर्षं मी त्याच्या मागे आहे."

मी पुसायच्या फडक्याने हात पुसत होतो. मला फट कळली, पिशव्या कळल्या, पण चित्र जुळेना. मेहुण्याचं जुळलं.

"भावोजी, आपली कँटीनची खिडकी! आत भटारखाना, बाहेर रांग. मधल्या कट्ट्यावर भरलेली ताटं रचून ठेवणारा तो लंबू होता ना? माणूस आला की ताट सरकव, माणूस आला की ताट सरकव. तो रजेवर गेला की आत स्वयंपाक तयार आणि बाहेर बोंबाबोंब."

"अगदी तसंच!" ती म्हणाली. "माझं प्रथिन म्हणजे तो लंबू. माझ्याकडे दोन जातीच्या माश्या आहेत. एकींकडे लंबू आहे, दुसऱ्या मुद्दाम बिनलंबूच्या पाळल्यात. मला दाखवायचंय की लंबू नसला की आठवण टिकत नाही."

"मग नडलं कुठे?" मी विचारलं.

"लंबू असलेल्याही विसरतात! सगळ्याच विसरतात. मधे सोडल्या की तिथेच पाय चोळत बसतात. मी वासाच्या बाटल्या बदलल्या. खोलीची हवा तपासली. यंत्र सोडवून पुन्हा जोडलं. शेवटी वाटलं, माझेच हात वाईट." तिने बोटांनी चष्मा शोधला, कपाळावर सापडला. "आणि रांग भुकेलीच हवी, तेही मी सांभाळते. पोट भरलेली माणसं खिडकीकडे फिरकतच नाहीत, मग खिडकीवर लंबू आहे की नाही ते कसं कळणार? म्हणून आदल्या दिवसापासून त्यांना उपाशी ठेवते. नुसता ओला कागद. तेवढं एक काम तरी मी चोख करते."

मेहुण्याच्या हातातला पाना केटलीत पडला. पोलादाची केटली, रिकामी. आवाज असा झाला की वरच्या मजल्यावरून कोणीतरी डोकावलं.

"काय हो?" मी म्हणालो.

"हात निसटला," तो म्हणाला. चेहरा पिठासारखा. ती गेली तरी तो केटलीतल्या पान्याकडेच बघत होता.

काम उरकून तो माझ्याबरोबर निघाला. आमच्या घरी आला, पायरीवर बसला आणि त्याने बहिणीला सगळं सांगितलं. ही ऐकत गेली तसतसे हिचे हात कमरेवर गेले.

"दोन महिने?"

"ताई, मला वाटलं विसरते."

"यीस्टसुद्धा?"

"ताकदीसाठी."

"बिस्किटांची खोड गेली नाही म्हणजे अजून!"

मेहुण्याने रस्ताभर एक तोडगा काढून ठेवला होता. उद्यापासून पाणी घालायचंच नाही. माश्या आपोआप उपाशी राहतील, त्यांना आपोआप आठवेल, पोरीचं काम होईल, कोणाला काही कळायला नको. सांगितलं तर नोकरी जाणार, हे उघड होतं. दुसऱ्याच्या कामात असा हात घातलेला माणूस कोण ठेवेल?

मला तोडगा बरा वाटला. तसं मी म्हणालोही.

ही माझ्याकडे वळली. "तुम्ही दोघं एकाच कँटीनचं जेवलात, दिसतंच आहे. उद्या ती सरांपुढे जाऊन मी नालायक आहे म्हणून सांगणार. मग हा कुणाला उपाशी ठेवणार? रिकाम्या खोलीला?"

मेहुणा पायरीवरून उठायला लागला. हिने त्याला पुन्हा खाली बसवलं.

"आणि दोन महिने जे मांडून ठेवलंय तिने, ते खोटं आहे हे तिला कोण सांगणार? चिलटं?"

सकाळी मी त्याच्याबरोबर गेलो. कारण सांगायला बुशला ग्रीस लावायचं होतं. खरं कारण, हा वाटेतूनच परत फिरेल अशी हिला खात्री होती. डॉक्टरीणबाई सरांच्या खोलीकडे निघालीच होती. मेहुणा आडवा आला.

"डॉक्टरीणबाई, तुमच्या माश्या विसरत नाहीत."

"मग?"

"जेवलेल्या असतात."

ती थांबली. "शक्यच नाही. मी स्वतः—" आणि मग तिचा आवाज बारीक झाला. "कोण घालतं जेवायला?"

मेहुण्याने शाळेत करतात तसं बोट वर केलं.

बोळ्यांपासून यीस्टपर्यंत सगळं सांगून झालं. माझी नजर जमिनीवर. तिने हातातली वही मिटली. मग बोलली तेव्हा अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं.

"बोळे चिकट लागतात म्हणून मी कापूसवाल्याशी भांडले! काका, दोन महिने मी स्वतःला मूर्ख समजत होते!"

"मीही तुम्हाला तेच समजत होतो," मेहुणा खाली मान घालून म्हणाला. "म्हणून तर घालत होतो."

क्षणभर ती मारेल की हसेल हे सांगता येत नव्हतं. ती भिंतीला टेकली, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तोंडावर हात धरून इतकी हसली की रडायला लागली. त्यातलं हसणं किती, रडणं किती, ते मला वेगळं काढता आलं नाही.

आम्ही तिघं मोठ्या सरांकडे गेलो. ते हसले नाहीत. त्यांनी मेहुण्याकडे बघितलंही नाही, तिला म्हणाले, "यांना आजच मोकळं करा."

"मग नळ्या कोण भरणार, सर?" ती म्हणाली. "दोन महिन्यांचं सगळं फेकायचंय. समितीपर्यंत पुन्हा पहिल्यापासून करायचं तर रोज तिप्पट नळ्या लागतील, पाळायच्या वेगळ्या आणि उपासाच्या वेगळ्या. नवीन माणूस शिकेपर्यंत समिती येऊन जाईल."

सरांनी कॅलेंडरवर समितीची तारीख बघितली. मग म्हणाले, "त्या फळीला कपाट करून घ्या. कुलूप लावा. किल्ली तुमच्याकडे."

कपाट मी ठोकलं. बिजागऱ्या आतून घेतल्या, बाहेरून स्क्रू उघडता येऊ नयेत म्हणून. आपलाच माणूस, पण काम चोख केलेलं बरं.

टिपकागद लवकर सुकतो, म्हणून आता उपासाच्या नळ्यांत नुसतं अगर आणि पाणी घालायचं ठरलं. ते मेहुण्याने शिजवायचं. पीठ नाही, साखर नाही, काही नाही. पहिल्या दिवशी केटलीत ते पारदर्शक पाणी फिरताना बघून हा मला म्हणाला, "भावोजी, आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही शिजवत नाहीये, आणि तरी ढवळतोय."

त्याहून अवघड पुढचं. भरल्या नळीतल्या माश्या उपासाच्या नळीत घालायच्या. दोन नळ्या तोंडाला तोंड लावून उलट्या करायच्या आणि बुडाशी टिचकी मारायची. हलकी मारली तर माश्या लापशीलाच धरून बसतात, जोरात मारली तर लापशीच सुटून खाली येते. मधला जोर बोटाला सापडावा लागतो. ती शेजारी बसून दाखवायची. ती एक रिकामी करी तोवर याच्या दोन व्हायच्या. पण प्रत्येक टिचकीला हा पुटपुटायचा, "चला, उठा. उठा ताटावरून." ज्या माणसाने जन्मात कोणाचं ताट ओढलं नाही, त्याला दिवसभर तेच काम. संध्याकाळी आमच्याकडे आला की मनगटाला पट्टी गुंडाळलेली आणि तोंड पडलेलं.

"दुखतंय का?" ही विचारायची.

"मनगट नाही दुखत, ताई."

रोज निघताना ती कपाटाला कुलूप घालायची आणि हा दारात उभा राहून ते बघायचा. एकदा तिने विचारलं, "काका, बघता कशाला?"

"आतून ओरडत असतील."

"माश्या ओरडत नाहीत."

"म्हणून तर जास्त वाईट वाटतं."

पहिली परीक्षा झाली त्या दिवशी मी तिथे होतो. केटलीला नवीन पट्टा बसवायचा होता, हे खरंच. तिने आम्हाला खोलीच्या दाराशी उभं केलं आणि तंबी दिली, बोलायचं नाही, हलायचं नाही. आत अंधार, एक लाल दिवा. माश्यांना तो उजेड दिसत नाही म्हणे. सकाळी त्यांना धडा दिलेला होता. आता मधल्या कप्प्यात त्या जमलेल्या, डावीकडे एक वास, उजवीकडे दुसरा. साखरेचा डावीकडचा.

तिने कप्पा सरकवला. आधी काही नाही. मग एक माशी डावीकडे गेली. मग आणखी एक. मग बराच वेळ रांगेत उभं राहिल्यावर खिडकी उघडावी तशी सगळी झुंबड डावीकडे. उजवीकडे दोनचार चुकार.

मेहुण्याने माझं कोपर असं दाबलं की खूण राहिली. "आठवलं," तो कुजबुजला. "भावोजी, आठवलं त्यांना."

"शू," ती म्हणाली. पण तीही काचेला नाक लावून बघत होती.

मग तिने बिनलंबूच्या माश्या घेतल्या. त्याही तितक्याच उपाशी, त्यांनाही तोच धडा. कप्पा सरकवला. काही डावीकडे गेल्या, काही उजवीकडे. तितक्याच इकडे, तितक्याच तिकडे. काही परत मधे आल्या, पुन्हा गेल्या. धावपळ होती, भूक होती, पण कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं.

ती बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "झालं."

"या नापास झाल्या?" मेहुण्याने विचारलं.

"या नापास झाल्या म्हणून मी पास होणार, काका."

"बिचाऱ्या," तो म्हणाला. ती आनंदात होती म्हणून ते तिने ऐकलं नाही.

एका परीक्षेवर काही ठरत नाही. समितीच्या आदल्या दिवसापर्यंत तिने तेच पुन्हा पुन्हा केलं, माश्या बदलून, वासाच्या बाजू बदलून, आणि मेहुण्याने तिला नळ्या कमी पडू दिल्या नाहीत. समिती आली तेव्हा हा जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. मी शेजारी. आत बंद दारामागे बराच वेळ बोलणं चाललं. एकदा आतून मोठं हसणं ऐकू आलं. मेहुणा म्हणाला, "माझं सांगितलं वाटतं."

त्याचंच सांगितलं होतं. दोन महिन्यांचं काम का फेकलं, असं समितीने विचारलं, आणि तिने लपवलं नाही.

दार उघडलं. आधी समिती गेली, त्यातला एक म्हातारा सदस्य जाताना मेहुण्याकडे बघून मिशीत हसला. मग ती आली. जागा राहिली होती. फेकलेल्या दोन महिन्यांबद्दल जादा वेळ मात्र मिळाला नव्हता, ते महिने तिने आता रात्रीचा दिवस करून भरून काढायचे. ती पायरीवर आमच्या शेजारी येऊन बसली. उभं राहायला दम उरला नसावा.

मागून मोठे सर आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "ठीक झालं. ते कपाटाचं कुलूप आता काढायला हरकत नाही."

ती किल्ली काढायला लागली. मेहुणा घाईने उठला.

"नको, सर. राहू दे ते. उद्याही माश्या उपाशी ठेवायच्या आहेत, आणि माझा माझ्यावर भरवसा नाही."